दुसऱ्यांच्या मनगटावरचा संग्रह

अल्माटीजवळच्या आमच्या तलगरमध्ये बरीच वर्षं एक बातमी फिरते आहे की आमच्या इमारतीतल्या ओरेकेंनी आपली जुनी घड्याळं हलती ठेवायला एक माणूस पगारावर ठेवलाय. बातमी साफ खोटी आहे. एक तर ओरेके कुणाला पगार देणाऱ्यातले नाहीत. दुसरं म्हणजे माणूस एक नाही. डोंब्रा, म्हणजे दोन तारांचं वाद्य, शिकवणारा बेकेन आहे, कसाई तोलेगेन आहे, गाडीवाला व्हित्या आहे आणि मी आहे. आम्ही सगळे फुकट हलवतो.

ओरेकेंचं खरं नाव ओराझघाली. पण वयाने मोठ्या माणसाला पूर्ण नावाने हाक मारली तर त्याची बायकोसुद्धा वळून बघेल, की हा कोण उद्धट. म्हणून नाव तोडून आदराने ओरेके. जुन्या राजवटीत ते जिल्ह्याच्या माल-वाटप कचेरीत होते. वाटप म्हणजे माल दुसऱ्यांनी उचलायचा, दुसऱ्यांनी वाहायचा, आणि ओरेकेंनी मान हलवायची. तीस वर्षं मान हलवून ते निवृत्त झाले, तेव्हा मान सोडून बाकी शरीर अगदी नव्यासारखं होतं. त्यांच्या बायकोचं, उमित आपांचं, म्हणणं असं की या माणसाने लग्नानंतर एकदाच घाईत हात उचलला होता, तोही माशीला घाबरून.

अशा माणसाला छंद कसला लागावा, तर आपोआप चालणाऱ्या घड्याळांचा. तीही आजची नव्हेत. आमचे वडील तरुण होते त्या काळातली, पन्नास-साठ सालातली. ओरेकेंचं कपाट उघडलं की कापसात निजवलेली ती घड्याळं दिसतात. पांढऱ्या तबकडीचा रंग उतरून सायीसारखा झालेला, काच फुगीर, काटे निळे. ओरेके एकेक उचलून उजेडाला धरतात. "पिवळी म्हणू नकोस," ते मला बजावतात, "पिवळा फक्त कावीळवाल्याचा डोळा असतो. ही मधाळ आहे. साठ वर्षं लागतात असा रंग यायला." काचेवर ओरखडा असला तर दात घासायच्या पेस्टने तासन्तास पुसतात. अंगमेहनत म्हणून त्यांनी केलेली एवढीच मला माहीत आहे, आणि तीही एका बोटाने.

या घड्याळांना चावी देत नाहीत. आत अर्ध्या चंद्रासारखा एक जडसा पत्रा असतो. हात हलला की तो फिरतो, तो फिरला की स्प्रिंग गुंडाळली जाते, आणि घड्याळ चालत राहतं. हात हलला पाहिजे, एवढीच अट. ओरेकेंचं घोडं तिथेच पेंड खाई. सकाळी त्यांनी घातलेलं घड्याळ दुपारच्या चहापर्यंत थांबलेलं असायचं. अख्ख्या गावात सर्वांत जास्त घड्याळं या माणसाकडे, आणि अंगणात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला वेळ विचारणाराही हाच.

"ओरेके, हातात घड्याळ आहे की तुमच्या," मी एकदा म्हटलं.

"ते बघायला आहे," ते म्हणाले. "वेळ तू सांग."

घड्याळ फार दिवस बंद राहिलं की आतलं तेल गोठतं, अशी त्यांची पक्की समजूत. म्हणून मग त्यांनी गावातले हलणारे हात हेरायला सुरुवात केली. माझं केस कापायचं दुकान तळमजल्यावर. कात्री चालते तोवर जीभही चालते, आणि हातही. माझ्या मनगटावर त्यांनी बायकी, पिटुकलं एक घड्याळ बांधलं आणि केस वाळवायचं यंत्र मात्र दुसऱ्या हाताने धरायची सक्त ताकीद दिली. व्हित्याची गाडी अल्माटीपर्यंत माणसं नेते-आणते, त्याचा हात दिवसभर गिअरवर. त्याला एक. तोलेगेन हाडं तोडतो, त्यालाही एक होतं, पण त्यात चरबी गेली तेव्हा ओरेके तीन दिवस त्याच्याकडून मांस घेत नव्हते. नंतर त्याला दुसरं दिलं आणि खिमा डाव्या हाताने करायला सांगितलं.

सगळ्यांत उत्तम हात बेकेनचा. बेकेन संगीत शाळेत डोंब्रा शिकवतो. स्वभावाने मेणाचा, त्याला 'नाही' हा शब्द शिकवायचा त्याच्या आईकडून राहूनच गेला. पण डोंब्रा हातात आला की उजवा हात असा फिरतो की बोटं दिसत नाहीत. ओरेकेंनी ते एकदा पाहिलं आणि त्यांचे डोळे पाणावले. आम्हाला वाटलं, सुरांनी. ते पुटपुटले, "काय हात आहे. तासाभरात दिवसभराची स्प्रिंग भरेल."

ओरेकेंचं काळीज ज्या घड्याळात अडकलेलं होतं, ते म्हणजे 'रोदिना'. मॉस्कोत तयार झालेलं, आपोआप चालणारं, आतमध्ये बावीस लाल खडे. त्यांनी ते जुन्या बाजारात एका म्हातारीकडून घेतलं होतं आणि त्याचा पट्टा, काच, एक काटा यांसाठी वर्षानुवर्षं वणवण केली होती, अर्थात व्हित्याच्या गाडीतून, बसून. ते रोदिना त्यांनी बेकेनच्या उजव्या मनगटावर बांधलं.

आता हे बांधलं कसं, त्यातच सगळी गंमत आहे.

आमच्यात मेजवानीला गेलं की प्रत्येकाने उठून शुभेच्छा द्यायच्या, आणि मोठ्या माणसाने शुभेच्छा दिल्या की हातही मोकळा ठेवायचा नसतो. कुणी रजई देतं, कुणी झगा, कुणी मेंढी. बेकेनची पन्नाशी होती. ओरेके उठले, हातात पेला. म्हणाले, "बेकेन, तुला मी काय देऊ? वस्तू तर सगळेच देतात. मी माझ्या काळजाचा तुकडा देतो." आणि खिशातून रोदिना काढून सगळ्यांच्या देखत बेकेनच्या हातावर बांधलं. "आजपासून हे तुझं." टाळ्या पडल्या. दोन बायकांनी पदराला, म्हणजे रुमालाला, डोळे पुसले. बेकेनची बायको तर रडलीच.

जेवणं झाल्यावर मी दाराशी बुटांच्या ढिगात माझा दुसरा बूट शोधत होते. कोटांच्या पलीकडून ओरेकेंचा आवाज आला.

"बेकेन, समजलास ना? हात तुझा. घड्याळ माझं."

"हो, ओरेके," बेकेन म्हणाला.

"फक्त हलवायचं."

"हो, ओरेके."

मी हसू दाबत बूट घातला आणि घरी आले. पण मला हसू यायचं कारण वेगळंच होतं. महिन्याभरापूर्वी तोलेगेनच्या मुलाच्या लग्नात त्याला असंच घड्याळ 'दिलं' होतं. त्याच्या आधी व्हित्याला नाताळात. मला महिला दिनाला. चार आहेर, चार टाळ्या, आणि ओरेकेंच्या कपाटातून गेलं काहीच नाही. गावात त्यांची दानशूर म्हणून ख्याती झाली. सगळ्यांना आतली गोष्ट माहीत होती, पण प्रत्येकाला वाटे की आपल्यालाच माहीत आहे.

रविवारी सकाळी अंगणातल्या बाकावर त्यांचा दरबार भरायचा. आम्ही चौघं मनगटं पुढे करून उभे राहायचो, जनावरांच्या डॉक्टरपुढे गाई उभ्या राहतात तसे. ओरेके कान लावून ऐकायचे. "व्हित्या, तू हल्ली चौथा गिअर टाकत नाहीस वाटतं." माझ्याकडे वळून, "गिऱ्हाईक कमी आहे का?" बेकेनचा हात मात्र ते कानाशी धरून डोळे मिटायचे आणि बराच वेळ सोडायचे नाहीत. एकदा तक्रार केली, "बेकेन, या आठवड्यात काय शिकवतोयस?" बेकेन म्हणाला, "विरहाची धून." ओरेके म्हणाले, "अरे, विरहात हात किती हलणार. घोडदौडीची शिकव." बेकेन 'हो' म्हणाला. त्या वर्षी संगीत शाळेच्या कार्यक्रमात झाडून सगळ्या मुलांनी घोडदौडच वाजवली. शिक्षण खात्याच्या बाईंनी चौकशी केली, की तलगरच्या मुलांना दुःख होत नाही का.

असं सगळं सुरळीत चाललं होतं. ओरेकेंनी घड्याळांना धोका कुठून आहे याचा बारकाईने विचार केला होता. पाणी, वाफ, चरबी, पीठ, चुंबक. एकच धोका त्यांच्या डोक्यात आला नाही. बेकेनला एक भाचा होता.

आमच्यात भाचा म्हणजे काय, हे ज्याला मामा व्हावं लागलंय त्यालाच विचारा. आईच्या माहेरी जाऊन भाच्याने आयुष्यात तीन वेळा हवं ते मागायचं, आणि मामाने द्यायचं. नाही म्हणायचं नाही. भाच्याला नाही म्हणणाऱ्याचा हात जन्मभर थरथरतो, असं म्हातारे सांगतात. बेकेनच्या थोरल्या बहिणीचा, शार्बानू ताईंचा, मुलगा एलदोस. अल्माटीत जुन्या वस्तूंचं दुकान चालवतो. लहानपणी त्याने पहिलं मागणं मागितलं तेव्हा बेकेनची सर्वांत चांगली घोडी व्यायची होती, तिचं शिंगरू गेलं. मोठा झाल्यावर दुसरं मागितलं, तेव्हा आजोबांचं चांदीच्या कामाचं खोगीर गेलं. तिसरं शिल्लक होतं. एलदोस येणार म्हटलं की बेकेनची बायको भिंतीवरचा गालिचा उतरवायची, चांगले पेले शेजारी पाठवायची, शिलाई यंत्रावर चादर टाकायची. घरात आलेला माणूस मग रिकाम्या भिंतींकडे बघत चहा प्यायचा.

बेकेनचा नातू पहिली पावलं टाकायला लागला, तेव्हा त्याच्या पायाची दोरी कापायचा समारंभ होता. पोराच्या दोन्ही पायांना काळा-पांढरा दोरा बांधतात आणि एखाद्या चपळ माणसाकडून कापून घेतात, म्हणजे पोर तसंच चपळ होतं. ओरेकेंना कुणी विचारलं नाही. दोरा व्हित्याने कापला. पण वयामुळे मानाची जागा ओरेकेंचीच, दारासमोरच्या भिंतीपाशी मधोमध, आणि उकडलेलं मेंढीचं डोकं त्यांच्यासमोर ठेवलेलं. मोठ्याने ते कापून सगळ्यांना वाटायचं असतं. वाटप हा त्यांचा जुनाच धंदा, म्हणून ते खुशीत होते.

एलदोस आईबरोबर आला होता. चाळिशीचा, गोलमटोल, बसला की गादीत रुतणारा. बायकोने चहा पुढे ठेवला तर साखरही तिलाच ढवळायला लावणारा. त्याने भिंतींकडे पाहिलं. भिंती रिकाम्या. कपाटाकडे पाहिलं. कपाट रिकामं. घरातलं जे जे घरातलं होतं, ते सगळं लपवलेलं होतं. घड्याळ लपवायचं कुणालाही सुचलं नव्हतं, कारण ते घरातलं नव्हतंच.

बेकेनने नातवासाठी डोंब्रा उचलला. हात फिरला आणि बाही वर सरकली.

एलदोस गादीतून उठला. तो आपणहून उठलेला आम्ही पहिल्यांदाच पाहत होतो. मामाजवळ गेला, हात धरला, धून अर्ध्यात थांबली. त्याने घड्याळ उजेडाला धरलं, अगदी ओरेके धरतात तसं.

"मामा," तो म्हणाला, "हे तुम्हाला कुठून मिळालं?"

बेकेनने ओरेकेंकडे पाहिलं. ओरेके तेव्हा मेंढीचा कान कापून पोराला देत होते. सुरी कानातच राहिली.

"भेट मिळाली," बेकेनची बायको अभिमानाने म्हणाली. आतली गोष्ट माहीत नसलेली त्या घरात ती एकटीच होती. "ओरेकेंनी दिली. माझ्यासमोर. काळजाचा तुकडा म्हणून."

"असं का," एलदोस म्हणाला. "म्हणजे मामाचं आहे." मग तो पुन्हा नीट बसला, मांडी घातली, आणि ज्याची सगळं घर दहा वर्षं धास्ती घेत होतं ते शब्द उच्चारले. "मामा, माझं तिसरं मागणं राहिलंय. हे घड्याळ द्या."

बेकेनचा चेहरा उकडलेल्या पिठासारखा झाला. त्याला भाच्याला नाही म्हणता येत नव्हतं, आणि ओरेकेंनाही नाही म्हणता येत नव्हतं. दोन्ही 'नाही' एकदम अंगावर आले होते, आणि एकही त्याला येत नव्हतं.

तोलेगेन माझ्या कानाशी पुटपुटला, पण कसायाचं पुटपुटणं ते, सगळ्यांना ऐकू गेलं. "नाही म्हण की बेकेन. हात थरथरला तर घड्याळाला बरंच आहे."

सगळे ओरेकेंकडे बघायला लागले. त्यांनी एकच वाक्य बोलायचं होतं, की अरे, ते माझं आहे. पण ते बोलले असते तर पन्नाशीच्या शुभेच्छा खोट्या पडल्या असत्या. नुसत्या त्या नव्हेत. मी माझ्या मनगटाकडे पाहत होते, व्हित्या त्याच्या, तोलेगेन त्याच्या. ओरेकेंनी ती तिन्ही मनगटं पाहिली. आपलेच दात आणि आपलेच ओठ. त्यांनी सुरी कानातून काढली, कान पोराच्या हातात दिला आणि म्हणाले, "भाच्याचा हक्क आहे. दे, बेकेन."

टाळ्या पुन्हा पडल्या. दानशूर माणसाचं दान दुसऱ्या हाती गेलं तरी पुण्य त्याच्याच नावावर, असं कुणीतरी म्हणालं. ओरेकेंनी मान हलवली. मान हलवायची त्यांना सवय होतीच.

त्यानंतर रविवारचा दरबार बंद पडला. आम्ही बाकाशी जाऊन उभे राहायचो, ते खिडकीतून हात हलवून सांगायचे, जा. निदान हात हलला, एवढंच समाधान. उमित आपा माझ्या दुकानात येऊन खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "केस राहू दे. हा माणूस घोड्याच्या मांसालासुद्धा तोंड लावत नाही. रात्री उठून त्या घड्याळाची रिकामी डबी कानाशी धरतो. उद्या अल्माटीला जायचं म्हणतोय त्या एलदोसकडे. तू बरोबर जा."

"मी कशाला?"

"तो मागणार नाही. मागता येत नाही. रडेल मात्र. तिथे रडायला लागला तर तू काहीतरी बोलून वेळ मारून ने. तुला तेवढंच येतं."

व्हित्याच्या गाडीतून आम्ही गेलो. वाटेत ओरेके मला शिकवत होते, "दिलेली वस्तू परत मागायची नाही. पण दुरुस्तीला घेऊन यायला हरकत नाही. वस्तू एकदा दुरुस्तीला आली, की ती कुणाची राहते? ती दुरुस्तीची असते."

"आणि बिघडलेली नसली तर?"

"त्याच्या हातावर? बिघडलेली असणारच."

एलदोसचं घर मोठं. काचेच्या कपाटात घड्याळं, नाणी, पदकं. शार्बानू ताई आत शेवयांसाठी पीठ मळत होत्या. चहा आला, पिठाचे तळलेले गोळे आले, सुकामेवा आला. ओरेकेंनी घराचं कौतुक केलं, हवेचं केलं, एलदोसच्या पोटाचंही केलं. घड्याळाचं अवाक्षर नाही. तिसऱ्या पेल्याला एलदोसच म्हणाला, "ओरेके, तुम्ही जाणकार आहात म्हणून विचारतो. ते तुमचं घड्याळ थांबतं हो."

ओरेकेंनी पेला खाली ठेवला. "थांबतं?"

"सकाळी घालतो, संध्याकाळी बंद. मामाच्या हातावर तर कधी थांबलं नव्हतं म्हणतात."

मखमलीच्या पेटीतून रोदिना बाहेर आलं. ओरेकेंनी ते दोन्ही हातांनी घेतलं. कानाला लावलं. मी त्यांना बरीच वर्षं ओळखते, त्यांचा चेहरा असा झालेला मी एरवी पाहिला नव्हता. हरवलेलं माणूस घरी परत आल्यासारखा. पण तोंडातून निघालं ते असं, "तेल सुकलंय. आतून खोलावं लागेल. माझ्याकडे ठेव."

"किती दिवस?"

"जुन्या घड्याळाचं सांगता येत नाही. घाई केली तर खडे जातात. चार-पाच वर्षं धर."

"चार-पाच वर्षं," एलदोस म्हणाला. तो डोकं खाजवत होता. पण देण्याच्या बेतात होता, मी शपथेवर सांगते. त्याने मान हलवायला सुरुवातही केली होती.

तेवढ्यात शार्बानू ताई पिठाचे हात घेऊन दारात आल्या. "काय झालं त्या घड्याळाला?"

"तेल सुकलंय, आई."

"सुकलं असेल. तूही सुकशील असा बसून बसून. बघू इकडे." त्यांनी ओरेकेंच्या हातातून घड्याळ काढून घेतलं, फडक्यात गुंडाळून मनगटावर घट्ट बांधलं आणि आत जाऊन पीठ मळायला लागल्या. आतून ओट्यावर पीठ आपटल्याचा आवाज येत राहिला. ओरेके दर आपटण्याला डोळे मिटत होते. मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, की अल्माटीत केस कापायचे किती घेतात.

ताई परत आल्या तेव्हा हात धुतलेला होता, फडकं सोडलेलं, आणि घड्याळ टिकटिकत होतं. त्यांनी ते थेट ओरेकेंच्या कानाशी धरलं.

एलदोसने शांतपणे दोन घोट घेतले. "ओरेके, तेल परत आलं वाटतं."

ओरेकेंनी पेला तोंडाला लावला.

"याला काम करणारा हात लागतो," ताई म्हणाल्या. "तुझ्या हातात ते जगायचं नाही. बेकेनला दे वापरायला."

"पण माझं तिसरं मागणं, आई."

"मागणं तुझंच. कोण नाही म्हणतंय? तुझंच घड्याळ बेकेन घालेल. तू त्याच्याकडे जाशील तेव्हा बघ. बेकेनला मी आत्ताच फोन करून सांगते." आणि त्यांनी तिथेच केला. मोठ्या आवाजात, तीन वेळा, कारण बेकेनच्या वर्गात सगळे घोडदौड वाजवत होते.

"मग ओरेके, तुम्हीच घेऊन जाल?" एलदोस म्हणाला. "तुमच्याइतकी काळजी दुसरं कोण घेणार?"

परतीच्या वाटेवर रोदिना ओरेकेंच्या मनगटावर होतं. ते त्याच्याकडे बघत बसले होते. अर्ध्या वाटेत म्हणाले, "व्हित्या, जुन्या रस्त्याने घे."

"तिकडे खड्डे आहेत, ओरेके."

"असू देत. खड्ड्यातूनच घे."

गाडी आदळत-आपटत निघाली. माझं डोकं दोनदा छताला लागलं. ओरेकेंनी हात मांडीवर मोकळा सोडला होता आणि प्रत्येक खड्ड्याला तो उडत होता. घड्याळ चालत राहिलं. त्यांच्या स्वतःच्या हातावर ते इतका वेळ चाललेलं मी पहिल्यांदाच पाहिलं, तेही रस्ते खात्याच्या कृपेने.

गावात शिरलो. चौकात उजवीकडे आमची इमारत, डावीकडे बेकेनचं घर. व्हित्याने गाडी हळू केली आणि आरशात बघून विचारलं, "ओरेके, घरी जायचं का आधी? बेकेनला उद्या देता येईल. परवा देता येईल. काय घाई आहे."

मागून कुणीतरी भोंगा वाजवला.

"डावीकडे घे," ते म्हणाले.

"शार्बानू ताईंनी फोन केलाय म्हणून?" मी विचारलं.

"आज घरी नेलं तर उद्या दुपारी थांबेल," ते म्हणाले, आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

बेकेन दारातच उभा होता, काखेत डोंब्रा, चेहऱ्यावर आपण काहीतरी चोरल्याचा भाव. ओरेकेंनी पट्टा सोडला. बोटाने काच एकदा पुसली, घड्याळ उजेडाला धरलं, मग बेकेनच्या उजव्या मनगटावर बांधलं आणि पट्ट्याचं टोक नीट आत खोचलं.

"उद्या वर्गात काय शिकवणार आहेस?"

"तुम्ही म्हणाल ते, ओरेके."

"विरहाची शिकव," ओरेके म्हणाले. "एखादा दिवस."

बेकेन 'हो' म्हणाला आणि आत गेला. आम्ही तिघं परत गाडीकडे निघालो. ओरेके सावकाश चालत होते, म्हणजे नेहमीसारखेच. मला राहवेना. मी म्हटलं, "काय ओरेके, शेवटी गेलंच ना घड्याळ हातातून?"

ते थांबले, आपल्या रिकाम्या मनगटाकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

"माझ्या हातावर ते होतंच कधी?" ते म्हणाले. "आधी बेकेनच्या हातावर होतं, आताही बेकेनच्याच हातावर आहे. फक्त यापुढे त्याचा काटा तुटला, तर जुन्या बाजारात उन्हातान्हात एलदोस फिरेल."